उघडी कपाटे

“झाडे-पाखरे बघून का कोणाचे पोट भरते, मास्तर?”

हा प्रश्न आमच्या पेशातल्या माणसाला वर्षातून चार वेळा तरी ऐकावा लागतो. प्रत्येक वर्गात एखादे पोर असे निघतेच, की ज्याचे लक्ष फळ्यापेक्षा खिडकीबाहेरच्या बाभळीवर अधिक. पाढे म्हणताना ते अडखळते. पण यंदा विहिरीवर सुगरणीचे खोपे किती लागले, हे मात्र ते बिनचूक सांगते. अशा पोराचे वडील शाळेत येतात आणि काळजीच्या सुरात हा प्रश्न विचारतात. प्रश्न रास्तच आहे. पोट कोणाला चुकले आहे? त्या विद्येला आता ‘पर्यावरणशास्त्र’ असे भारदस्त नाव मिळाले, १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने हा विषय शिक्षणात सर्व पायऱ्यांवर शिकवावा असा निर्णय दिला, पुस्तके झाली, परीक्षा झाल्या. तरी बापाच्या मनातली धाकधूक काही गेलेली नाही.

या प्रश्नाला उत्तर म्हणून जागांची आणि पगारांची यादी पुढे करता येईल. ते काम वर्तमानपत्रे करतातच. मला मात्र याचे उत्तर इतिहासात शोधावेसे वाटते. निसर्गाचा अभ्यास करू पाहणाऱ्या मुलाला लागते तरी काय? पैसा लागतो, पदवी लागते, वशिला लागतो, असे आपण धरून चालतो. पण आपल्याच मुंबईत घडलेली एक गोष्ट काही निराळे सांगते. दिवाळीच्या फराळानंतर वाचकांनी थोडा वेळ काढून ती ऐकावी, एवढीच विनंती.

१८८३ सालच्या सप्टेंबरची १५ तारीख. भायखळ्याच्या राणीच्या बागेतील व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे ज्याला आज आपण डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखतो त्या वस्तुसंग्रहालयात, आठ गृहस्थ जमले. त्यांचा बेत अगदी साधा होता. महिन्यातून एकदा भेटावे, कोणी काय पाहिले ते एकमेकांस सांगावे, कोणाला एखादे दुर्मीळ फुलपाखरू किंवा साप मिळाला असेल तर तो दाखवावा. या आठ जणांच्या मंडळाचे नाव ‘बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी’.

सहा जण युरोपियन होते, पण उरलेले दोघे आपले होते: डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. आत्माराम पांडुरंग हे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे बंधू आणि १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाचे एक अध्वर्यू. सखाराम अर्जुन हे डॉक्टर आणि वनस्पतींचे जाणकार. मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या औषधी द्रव्यांची त्यांनी सूची केली होती. आपल्याकडे या दोघांची आठवण समाजसुधारणेच्या आणि वैद्यकाच्या संदर्भात निघते. पण देशातील निसर्गाभ्यासाच्या एका मोठ्या संस्थेच्या पायाचे दगड म्हणूनही त्यांची नावे घेतली पाहिजेत. सखाराम अर्जुन १८८५ मध्येच वारले. झाड वाढलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

संस्था निघाली खरी, पण तिला बसायला जागा कुठे होती? ती दिली एका दारूच्या व्यापाऱ्याने! वाचकांनी दचकू नये. हर्बर्ट फिप्सन नावाच्या या इंग्रज गृहस्थाचे फोर्ट भागात फोर्ब्स स्ट्रीटवर विलायती मद्याचे दुकान होते. १८८४ च्या जानेवारीत त्याने आपल्या पेढीतली एक खोली या मंडळींना वापरायला दिली. बाटल्यांच्या शेजारी पेंढा भरलेले पक्षी आणि स्पिरिटमध्ये ठेवलेले साप येऊन बसले. दोन वर्षांनी बिऱ्हाड अपोलो स्ट्रीटवर मोठ्या जागेत गेले आणि त्याच साली, १८८६ च्या जानेवारीत, संस्थेच्या नियतकालिकाचा पहिला अंक निघाला. ते नियतकालिक अद्याप चालू आहे. आपल्या मराठी मासिकांचे आयुष्य ज्याला ठाऊक आहे, त्याला या गोष्टीचे मोल निराळे सांगायला नको.

फिप्सनचे नाव आले आहे तेव्हा एक आडवळण घेतो. डॉ. सखाराम अर्जुन यांची सावत्र मुलगी म्हणजे रखमाबाई. लहानपणी झालेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जाण्यास तिने नकार दिला, १८८४ पासून तो खटला गाजला आणि १८८७ मध्ये ‘नांदायला जा, नाही तर तुरुंगात जा’ असा हुकूम झाला, तरी ती डगमगली नाही. हीच रखमाबाई पुढे विलायतेस जाऊन डॉक्टर झाली. त्या प्रवासात तिच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या माणसांत कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची होत्या. आणि या एडिथबाईंनी १८८९ मध्ये लग्न केले ते आपल्या याच फिप्सनशी. मला या योगायोगाचे नवल वाटत नाही. एका बंद दाराची कडी काढण्याची ज्यांना सवय असते, त्यांचे हात दुसऱ्या दाराकडेही आपोआप वळतात.

या कचेरीतला सर्वांत नावाजलेला रहिवासी माणूस नव्हता. तो होता एक धनेश. ‘विल्यम’ या नावाचा हा भल्या मोठ्या चोचीचा पक्षी १८९४ साली पिल्लू असताना कारवारहून आला आणि १९२० मध्ये तारेचा तुकडा गिळून मरेपर्यंत तेथेच नांदला. सव्वीस वर्षे सेक्रेटरीच्या खुर्चीमागे त्याचा मुक्काम होता! आज संस्थेच्या मुद्रेवर धनेश आहे आणि मुंबईतील तिच्या वास्तूचे नाव ‘हॉर्नबिल हाउस’ आहे, ते त्याच्याच आठवणीने.

आता या कचेरीच्या जिन्यावर एक पोरगा चढतो आहे, असे डोळ्यांपुढे आणा. साल १९०८ च्या सुमाराचे. वय अकरा-बारा. आईबाप लहानपणीच गेलेले. खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी भावंडांच्या गोतावळ्यात वाढणारा. मामांना शिकारीचा नाद, म्हणून भाच्याच्या हाती हवेची बंदूक. त्या बंदुकीने त्याने एक चिमणी पाडली आणि उचलून पाहतो, तर तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका! रोजच्या चिमणीला असा ठिपका नसतो. मुलाने मामांना विचारले. मामांनाही सांगता येईना. अशा वेळी बहुतेक घरांत काय उत्तर मिळते, ते तुम्हां-आम्हांस ठाऊक आहे: “असेल काहीतरी, जा, अभ्यास कर.” मामांनी तसे केले नाही. ते संस्थेचे सभासद होते. त्यांनी सेक्रेटरीला चिठ्ठी लिहिली आणि चिमणी घेऊन भाच्याला तिकडे पाठवले.

सेक्रेटरी होते डब्ल्यू. एस. मिलार्ड. साहेबाच्या कचेरीत पाऊल टाकताना त्या काळच्या हिंदी मुलाची छाती किती धडधडली असेल, याची कल्पना करावी. मिलार्डने चिमणी पाहिली, तिची जात सांगितली. आणि मग त्याने जे केले, त्यातच या लेखाचे सारे सार आहे. त्याने उठून संग्रहातली कपाटे उघडली. एकामागून एक खण ओढून त्याने त्या मुलाला शेकडो पक्षी दाखवले. प्रत्येकाच्या पायाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, तिच्यावर नाव, गाव आणि तारीख. वाचायला पुस्तके दिली. पुढे पक्ष्याचे कातडे सोलून टिकवावे कसे, याचे शिक्षणही त्या मुलाला तेथेच मिळाले.

तो मुलगा म्हणजे सालिम अली. त्यांनी पुढे आपले आत्मचरित्र लिहिले, ते १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्याचे नावही त्यांनी त्या पडलेल्या चिमणीवरूनच ठेवले.

येथे एक खुलासा केला पाहिजे, नाही तर आमचे विद्यार्थी बेचक्या घेऊन बाहेर पडायचे. त्या काळी पक्ष्यांचा अभ्यास बंदुकीवाचून होत नसे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो काळ संपला. आज दुर्बीण, वही आणि शांतपणे बसण्याची तयारी, एवढी हत्यारे पुरतात.

सालिम अलींचे पुढचे आयुष्य सरळ गेले, असे मात्र कोणी समजू नये. ‘झाडे-पाखरे बघून पोट भरते का’ हा प्रश्न त्यांनाही टोचत होता. १९१३ मध्ये ते जेमतेम मॅट्रिक झाले. कॉलेजात मन रमेना, तेव्हा ब्रह्मदेशात तावोय येथे घरच्यांच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यात गेले. तेथे जमाखर्चापेक्षा रानातल्या पाखरांकडेच लक्ष अधिक. १९१७ मध्ये मुंबईस परतल्यावर व्यापारी शिक्षणाचा घाट घातला. सेंट झेवियर्स कॉलेजातील फादर ब्लॅटर या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांच्या मनाचा कल ओळखला आणि प्राणिशास्त्राकडे वळण्यास उत्तेजन दिले. पण विद्यापीठाची पदवी काही पदरात पडली नाही. झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियामध्ये पक्षिशास्त्रज्ञाची जागा निघाली, ती त्याच कारणाने हुकली.

१९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या निसर्गविभागात मार्गदर्शक व्याख्यात्याची नोकरी मिळाली. दोन वर्षांनी रजा घेऊन ते बर्लिनला गेले. तेथील प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयाचे प्रोफेसर एर्विन श्ट्रेसमान हे पक्षिशास्त्रातले मोठे नाव. त्यांनीही पदवीचा कागद मागितला नाही. कपाटे उघडून दिली आणि शेजारी बसवून शिकवले. सालिम अली त्यांना जन्मभर गुरू मानीत. १९३० मध्ये विद्या घेऊन माणूस घरी येतो, तो काय? खर्चकपातीत त्यांची म्युझियममधली जागाच रद्द झालेली!

घरात बायको, हातात काम नाही. दुसरा एखादा कपाळाला हात लावून बसला असता. सालिम अली आणि त्यांच्या पत्नी तेहमिना यांनी अलिबागजवळच्या किहीमला, नारळी-पोफळीच्या सावलीत, बिऱ्हाड केले. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. बेकार माणसाजवळ एक संपत्ती अमाप असते, ती म्हणजे वेळ. त्यांनी तासन्‌तास त्या खोप्यांकडे पाहण्यात तो घालवला. आणि जे दिसले ते तोवर कोणी नीट सांगितले नव्हते. घर बांधतो तो नर. अर्धे बांधून झाले की माद्या ते पाहायला येतात, आतबाहेर करून पसंती-नापसंती ठरवतात. एखादीला घर पसंत पडले की तिच्याशी जोडी जमते आणि नर ते पुरे करतो. आणि ती अंड्यांवर बसली की हे गृहस्थ शेजारी दुसरे घर बांधायला घेतात, दुसऱ्या संसारासाठी! विहिरीवर टांगलेले ते खोपे आपल्या वाडवडिलांनीही पाहिले होते. पण पाहणे निराळे आणि तारीख-वार लिहून ठेवीत पाहणे निराळे. शास्त्र आणि करमणूक यांच्यामध्ये एका वहीचे अंतर असते.

ते लेखन प्रसिद्ध झाले आणि पक्षिशास्त्रात सालिम अलींचे नाव झाले. मग संस्थानांच्या पक्ष्यांच्या पाहण्या, १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे ते सुप्रसिद्ध पुस्तक, १९६८ ते १९७४ या काळात डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेले दहा खंड, १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण. हे सारे ओळीने आले. स्वातंत्र्यानंतर संस्थेची तिजोरी रिकामी झाली, तेव्हा पंडित नेहरूंपर्यंत जाऊन त्यांनी तिला सरकारी मदत मिळवून दिली. मुंबई विद्यापीठाने संस्थेला संशोधनकेंद्र म्हणून मान्यता दिल्यावर ज्याला स्वतःला पदवी नव्हती तो माणूस इतरांना पदव्युत्तर पदव्यांसाठी मार्गदर्शन करू लागला. गेटी पारितोषिकाची मोठी रक्कम मिळाली, तीही त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीसाठी संस्थेला दिली.

मला मात्र या सगळ्या मानसन्मानांपेक्षा एक लहानशी गोष्ट मोठी वाटते. पुण्यात वाढलेल्या माधव गाडगीळ यांनी ती सांगितलेली आहे. शाळकरी वयात त्यांना वेड्या राघूच्या शेपटीतली ती तारेसारखी लांब पिसे एकाएकी दिसेनाशी झाली. हे कसे? मुलाने थेट सालिम अलींना पत्र टाकले आणि उलटटपाली उत्तर आले: पक्षी पिसे टाकतात, नवी येतात, ही पिसेही परत येतील. मिलार्डने उघडलेले कपाट असे पन्नासएक वर्षांनी पोस्टाच्या पाकिटातून पुण्याला पोहोचले. गाडगीळ पुढे हार्वर्डला गेले, परत आले आणि १९८३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी परिसरशास्त्राचे केंद्र उभारले. २०११ मध्ये पश्चिम घाटाविषयीचा गाजलेला अहवाल सादर झाला, तो त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीचा.

कोणी म्हणेल, ही सारी हौशी माणसांची हौस. तिच्यावाचून जगाचे काय अडले? त्यांच्यासाठी भरतपूरची हकीकत सांगतो. राजस्थानातल्या त्या केवलादेव घना पाणथळीत १९८० च्या दशकाच्या आरंभी राष्ट्रीय उद्यान झाले आणि गुरे चारण्यास बंदी आली. गुरांमुळे पक्ष्यांना उपद्रव होतो, असे मोठमोठ्या जाणत्यांचे मत होते. सालिम अलींचेही होते. गावकरी चिडले आणि १९८२ च्या नोव्हेंबरात गोळीबार होऊन माणसे मेली. इकडे याच संस्थेच्या अभ्यासकांनी तेथे दहा वर्षे तळ ठोकून पाण्याचे, गवताचे, पक्ष्यांचे मोजमाप घेतले. निष्कर्ष काय निघाला? म्हशी बंद झाल्यावर पाण्यातले गवत माजले, मोकळे पाणी आक्रसले आणि पाणपक्ष्यांचीच अडचण झाली. जी गुरे शत्रू म्हणून हाकलली, तीच त्या तळ्याची राखण करीत होती. गुरूच्या मताविरुद्ध जाणारा हा निष्कर्ष गुरूच्याच संस्थेच्या माणसांनी मांडला. मेलेली माणसे काही परत आली नाहीत. पण मोजमाप आधी झाले असते, तर? अभ्यासकांची वाण पडते तेव्हा तिची किंमत कोण मोजतो, हे भरतपूरने सांगितले आहे. पाखरांचा अभ्यास हा रिकामटेकड्यांचा उद्योग नव्हे, हे मी तेव्हापासून पालकांना ठणकावून सांगतो.

माझे स्वतःचे शिक्षण, जुनी माणसे जिला मॅट्रिक म्हणतात, त्या परीक्षेपाशी थांबलेले. तेव्हा दारांचा अनुभव मलाही आहे. एका कादंबरीसाठी मला नदीकाठच्या झाडांची नीट माहिती हवी होती. एका ठिकाणी गेलो, तर “कोणत्या विद्यापीठाचे?” हा पहिला प्रश्न आणि तोच शेवटचा. दुसऱ्या एका वनस्पतिसंग्रहात गेलो, तर तेथल्या वयस्कर बाईंनी चष्मा सारखा करीत एवढेच विचारले, “कोणते झाड बघायचंय तुम्हांला?” आणि वाळुंजाची फांदी चिकटवलेला एक जुना कागद माझ्यापुढे ठेवला. शंभरावर वर्षांपूर्वी कोणीतरी ती फांदी तोडून, दाबून, गावाचे नाव घालून ठेवली होती. तिथली नदी आता तशी राहिलेली नाही. पण एके काळी ती कशी होती, याची साक्ष त्या कागदावर होती. त्या दुपारी मला जे मिळाले, त्यावर माझी चार प्रकरणे उभी राहिली.

अशी कपाटे आज आपल्याजवळ किती आहेत, हे पालकांना माहीत नसते. मुंबईतल्या संस्थेच्या संग्रहात एक लाखाहून अधिक नमुने आहेत, आणि तिच्या नियतकालिकाचे जुने अंक आता संगणकावर फुकट वाचता येतात. म्हणजे एके काळी फोर्टातला जिना चढावा लागे, ते आज गडचिरोलीच्या पोरालाही घरबसल्या दिसते. सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह आहे. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागाचे कार्यालय १९५५ पासून आहे, आणि मालवणच्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी वाढवलेली, १९४६ मध्ये निघालेली संशोधनसंस्था आहे. पाणी आणि हवा यांच्या प्रदूषणाचा अभ्यास करायचा, तर नागपूरची ‘नीरी’ १९५८ पासून उभी आहे. समुद्राची ओढ असेल, तर गोव्यात दोना पावलाला १९६६ मध्ये निघालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. वन्यप्राण्यांसाठी देहरादूनला १९८२ मध्ये संस्था निघाली, आणि पक्ष्यांसाठी कोइमतूरजवळ १९९० मध्ये निघाली, ती तर सालिम अलींच्याच नावाने. मुलाला तेथवर पोहोचायला पदव्या लागतील, परीक्षा द्याव्या लागतील; सालिम अलींना पदवी नव्हती म्हणून आपल्या मुलानेही ती घेऊ नये, असा या गोष्टीचा अर्थ कोणी काढू नये. पदवीवाचून त्यांना किती खस्ता खाव्या लागल्या, ते वर आलेच आहे.

पण पदवीच्याही आधी एक पायरी असते आणि ती कोणत्याही सरकारला बांधता येत नाही. मामांनी चिठ्ठी लिहिली, ती ही पायरी. मिलार्डने खुर्चीवरून उठून खण ओढला, ती ही पायरी. उलटटपाली पोस्टात टाकलेले ते उत्तर, तीही हीच. मोठ्या माणसाने लहान मुलाच्या प्रश्नाला खरा प्रश्न मानले, एवढेच काय ते तिन्ही वेळी घडले. आणि त्यावाचून पुढच्या सगळ्या संस्था, शिष्यवृत्त्या आणि इमारती मुलाच्या दृष्टीने कुलूपबंदच राहतात.

संग्रहातल्या प्रत्येक नमुन्याला चिठ्ठी असते, हे वर सांगितलेच आहे. ती नसेल तर कितीही दुर्मीळ पक्षी असो, शास्त्राच्या लेखी त्याला फारशी किंमत नाही. चिठ्ठीवर असते काय? काय पाहिले, कोठे पाहिले, कधी पाहिले आणि कोणी पाहिले. या चार ओळी लिहायला फार पैसा लागत नाही. दिवाळीच्या सुटीत पोर परसात उकिडवे बसून मुंग्यांची रांग न्याहाळत असेल, तर त्याला हाक मारून उठवू नका. एक दोन दिडक्यांची वही आणून त्याच्या शेजारी ठेवा, आणि पहिल्या पानावर आजची तारीख तुमच्या हाताने घालून द्या.